बोटीवरची पोस्त

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये, मुलीच्या आग्रहाखातर आम्ही दोघं बोटीवरून फिरून आलो. बोट म्हणजे आपली भाऊच्या धक्क्यावरची नव्हे, चांगली पंधरा मजली क्रूझ. मुलगी, जावई आणि नातू ह्यूस्टनला असतात. तिथून तासाभराच्या अंतरावर गॅल्व्हेस्टन नावाचं बंदर आहे. तिथून निघायचं, दोन दिवस नुसतं पाणी बघायचं, मग होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोचं कोझुमेल अशी दोन-तीन ठिकाणं करून आठव्या दिवशी सकाळी परत गॅल्व्हेस्टन. प्रवासवर्णन लिहायचा माझा विचार नाही. निळं पाणी, सूर्यास्त आणि दिवसभर चालू असलेलं खाणं याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते शेवटच्या दोन दिवसांत आमच्यात जो वाद झाला त्याबद्दल. वाद होता टिप किती द्यायची याचा.

बोटीवर रोख पैसा चालत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. खोलीची किल्लीही तेच आणि पैशाचं पाकीटही तेच. जे घ्याल ते खात्यावर चढतं आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वळतं होतं. पण या खात्यावर आपण काहीही न घेता एक रक्कम रोज चढत असते. आमच्या बोटीवर ती दर माणशी, दर दिवशी १८ डॉलर होती. कोणी तिला ग्रॅच्युइटी म्हणतं, कोणी सर्व्हिस चार्ज, एक कंपनी तर ‘क्रू ॲप्रिसिएशन’ असं गोंडस नाव देते. (आम्हा शिक्षकांना ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्तीनंतर हेलपाटे घालून घालून मिळालेली रक्कम, एवढाच अर्थ ठाऊक!) कंपनीगणिक आकडा बदलतो, पण अमेरिकेतून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर साध्या खोलीला तो १६ ते २० डॉलरच्या घरात असतो. मोठ्या खोलीवाल्यांना जास्त. शिवाय एखादं विकतचं पेय घेतलंत तर त्या बिलावर १८-२० टक्के वेगळे.

हिशेब मांडायची खोड जात नाही. पाच माणसं, सात दिवस, १८ डॉलर. झाले ६३० डॉलर. तेव्हाच्या भावाने रुपयांत ५४ हजारांच्या आसपास. माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त! तिकीट मुलीने काढलं होतं, हे पैसेही तीच भरणार होती, पण आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो आलाच. जेवणाच्या टेबलावर मी म्हणालो, "एवढी टिप? अगं, तेवढ्यात आपलं अख्खं कोकण फिरून होईल." नातू म्हणाला, "आजोबा, प्लीज." त्यालाही लाज वाटली असावी.

आता आमच्या खोलीत जो मुलगा यायचा त्याच्याविषयी. मुलगा म्हणजे असेल पस्तिशीचा. पहिल्याच दिवशी दार वाजवून इंग्रजीत स्वतःची ओळख करून दिली. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली ‘इंडिया’. हिने सरळ मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?" तर गडी एकदम उजळला. मालवणजवळच्या एका गावचा निघाला. त्याचं नाव मी इथे देत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. पहिले दोन दिवस तो मला ‘सर’ म्हणत होता, तसा तो सगळ्यांनाच म्हणायचा. मी शाळामास्तर होतो हे कळल्यावर मात्र ‘गुरुजी’ म्हणायला लागला आणि हिला ‘काकू’. आम्हीही मग ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. रोज संध्याकाळी खोलीत आलं की पलंगावर टॉवेलचा एक प्राणी करून ठेवलेला असायचा. कधी हत्ती, कधी ससा. चवथ्या दिवशी त्याने गणपती केला. खरं तर हत्तीच होता, फक्त बसवलेला. हिने तो उतरेपर्यंत मोडू दिला नाही आणि अंग पुसायला जावयांच्या खोलीतून टॉवेल आणला.

तर सहाव्या दिवशी संध्याकाळी जावई म्हणाले, "बाबा, मी खाली काउंटरवर जाऊन ते ऑटोमॅटिक पैसे काढून टाकतो. निम्मे पैसे आपण आपल्या त्या मालवणच्या मुलाच्या आणि जेवण वाढणाऱ्या दोघांच्या हातात रोख देऊ. कंपनीला दिलेले पैसे त्यांना मिळतात कशावरून?"

आमच्या बोटीवर ही रक्कम काउंटरवर जाऊन कमी करता येत होती, अगदी शून्यसुद्धा. जावई काही चिक्कू माणूस नाही, हे आधीच सांगतो. त्यांचं म्हणणं वरकरणी अगदी रास्त होतं. ज्याने काम केलं त्याच्या हातात पैसे, मधे कोणी नाही. शिवाय आपल्याकडे २०२२ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना सांगितलंच आहे की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही. त्यावर हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. योगायोग असा, की आम्ही बोटीवरून परतलो त्याच महिन्याच्या २८ तारखेला निकाल लागला आणि न्यायालयाने तो नियम उचलून धरला. मग बोटीवर ही सक्ती का सोसायची?

मला तो विचार लगेच पटला. इतका लगेच पटला की मलाच संशय यायला हवा होता. ६३० चे ३०० होत असतील तर कोणतंही तत्त्व चटकन पटतं! ही मात्र कपाटात कपडे भरता भरता म्हणाली, "तुमचं तत्त्व नेहमी दुसऱ्याच्या खिशातून जातं." मी गप्प बसलो. बेचाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण या वाक्यावर उत्तर सुचलं नाही.

टिप या प्रकाराचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. त्याचं कारण कंजूषपणा आहे असं घरच्यांना वाटतं, आणि थोडं ते आहेही. पण मुळात कारण वेगळं आहे. माझे वडील पोस्टमन होते. तालुक्याच्या गावी सायकलवरून टपाल वाटायचे. दिवाळीत पोस्टमनला पोस्त द्यायची पद्धत तेव्हा सगळीकडे होती. नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल. पोस्त म्हणजे सणाची बक्षिसी. पाडव्याच्या आसपास वडील पेठेतल्या दुकानांतून फिरायचे आणि मी हट्टाने बरोबर जायचो. साल १९५८ असेल किंवा ५९. मी आठ-नऊ वर्षांचा.

एका अडत दुकानदाराने वडिलांना बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाला, "हमाल आला नाही अजून, तेवढी चार पोती आत ओढ." वडिलांनी टपालाची पिशवी माझ्याकडे दिली आणि खाकी गणवेशात चार पोती आत ओढली. त्याने गादीवरून आठ आण्याचं नाणं पुढे सरकवलं. वडिलांनी हात जोडले. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. त्याच पैशातून माझ्यासाठी लवंगी फटाक्यांची माळ आली, आणि मी ती उडवली, हेही खरं आहे.

पुढे मी कॉलेजात असताना एकदा धीर करून वडिलांना विचारलं, की तुम्ही ती पोस्त घ्यायला जायचातच का? ते म्हणाले, "तुम्हा पोरांची दिवाळी व्हायची." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "पगाराच्या दिवशी मी कुणाला रामराम घातला नाही कधी."

त्या संध्याकाळी बोटीवर मला ते वाक्य आठवलं. जावयांना म्हणालो, उद्या सकाळपर्यंत थांबा. त्या मुलालाच विचारू.

सकाळी तो खोली आवरायला आला तेव्हा मी त्याला सरळच विचारलं. आधी तो नुसता हसला. असले प्रश्न प्रवाशांनी विचारू नयेत आणि विचारले तर उत्तर देऊ नये, असं शिकवलेलं असणार. हिने त्याला आपल्याकडची शेंगदाण्याची चिक्की दिली, तेव्हा दार उघडंच ठेवून, एक डोळा बाहेर ठेवून तो बोलला.

त्याच्याकडे सतरा खोल्या होत्या. करार आठ महिन्यांचा. आठ महिन्यांत साप्ताहिक सुट्टी नाही. बंदर आलं की कधी चार तास मोकळे मिळतात, तेवढ्यात घरी फोन करायचा. मूळ पगार अगदी थोडा, त्यात वर जी भर पडते ती याच रोजच्या १८ डॉलरांतून. हे पैसे एकट्याला मिळत नाहीत, वाटणी होते. खोल्यांची माणसं, जेवणघरातली वाढपी आणि त्यांचे मदतनीस, आणि पडद्याआडची बरीचशी माणसं. त्या बोटीवर नियम असा होता, की प्रवाशाने खात्यावरचे पैसे काढले आणि हातात रोख दिले, तर ती रोख वाटणीत जमा करायची. म्हणजे जावयांच्या हिशेबाने आम्ही त्याला ‘थेट’ दिलेले पैसे त्याने प्रामाणिकपणे जमाच करायचे, आणि एकूण रक्कम मात्र निम्मी झालेली. खात्यावरचे पैसे तसेच ठेवून वर काही दिलं, तर ते त्याचं.

"आता माझ्यापुरतं विचाराल गुरुजी," तो म्हणाला आणि एकदम मालवणीत शिरला, "तुमी द्या, नको द्या, मी हसतलंयच. हसूचोच पगार आसा आमका. पण माझो मावसभाव खाली लाँड्रीत आसा. तुमचे टॉवेल तो धुता. तेका कोणी पाकीट दिल्लेला मी बघूक नाय."

असं म्हणून तो बाथरूम धुवायला गेला. चिक्की त्याने खिशात ठेवली होती, बहुधा मावसभावासाठी.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे या विषयाच्या मागे लागलो. ह्यूस्टनला परतल्यावर मुलीच्या घरी वाचायला वेळच वेळ होता. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

या बोटी सुटतात अमेरिकेतून, प्रवासी बहुतेक अमेरिकन, कंपन्यांची मोठी कार्यालयं अमेरिकेत, पण बहुतेक बोटींची नोंदणी असते बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा ठिकाणी. बोटीच्या मागच्या अंगाला बंदराचं नाव रंगवलेलं असतं ते बघा, बहुधा नासाउ दिसेल. बोट ज्या देशाच्या झेंड्याखाली, कायदा त्या देशाचा. त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा या परदेशी झेंड्याच्या बोटींवरच्या माणसांना लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सागरी कामगारांसाठीचा २००६ चा करार आहे, तो २०१३ च्या ऑगस्टमध्ये अंमलात आला. त्याने पुष्कळ चांगलं केलं. पण त्यातली कामाची मर्यादा बघा. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात किमान ७७ तास. दुसऱ्या बाजूने मोजायचा मार्गही त्यात आहे, आठवड्यात जास्तीत जास्त ७२ तास काम. म्हणजे सातही दिवस रोज दहा तासांच्या वर राबवलं तरी ते नियमात बसतं. आम्ही शाळेत आठवड्याच्या एका जादा तासावरून मुख्याध्यापकांशी भांडायचो!

दुसरी गोष्ट कळली ती अमेरिकेतल्या टिपेच्या इतिहासाची. तिथे ही पद्धत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि रुजवण्यात रेल्वेच्या पुलमन कंपनीचा मोठा वाटा होता. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना या कंपनीने झोपायच्या डब्यांत हमाल आणि सेवक म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक सेवकाला ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारायचे. माणसाला स्वतःचं नावसुद्धा नाही. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना काढली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. त्याच्या आधी अमेरिकेतल्या काही राज्यांनी टिप देण्याघेण्यावर बंदीचे कायदेही केले होते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये सुरुवात केली, पण १९२६ पर्यंत सगळे कायदे रद्द झाले. आजही तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला २ डॉलर १३ सेंट इतकाच आहे आणि तो १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरून नेहमीचं किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, असा नियम आहे. काही राज्यांचे दर याहून चांगले आहेत, पण मूळ आकडा हा.

हे वाचताना मला सारखी आपली बलुतेदारी आठवत होती. गावकामगाराला पगार नाही. सुगीत खळ्यावर जायचं आणि शेतकरी देईल ते धान्य घ्यायचं. बलुतं हा हक्क होता असं म्हणतात, आणि कागदावर होताही. पण ज्याच्या खळ्यावर हात पसरायचा त्याच्याशी वर्षभर ताठ मानेने कसं बोलणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल जे विधेयक मांडलं त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. काम सरकारचं आणि मोबदला गावाच्या मर्जीवर, ही अवस्था त्यांना मोडायची होती. बलुत्याच्या जागी पैशात ठरलेली पट्टी असावी आणि ती सरकारने सारावसुलीबरोबर गोळा करून कामगाराला द्यावी, असा त्यातला विचार होता. तेव्हा ते मंजूर झालं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं नाहीशी करणारा कायदा आपल्याकडे व्हायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे माझे वडील गणवेशात पोती ओढत होते त्याच सुमाराला.

हे मनात आल्यावर बोटीवरच्या त्या १८ डॉलरांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मला आधी त्यातली सक्ती खुपत होती. पण बाजू उलटी करून बघा. ती सक्ती आहे म्हणूनच मालवणच्या मुलाला माझ्यापुढे शेवटच्या दिवशी हात जोडून उभं राहावं लागत नाही. ती ठरलेली पट्टी आहे, खात्यावर चढते, खात्यातून वाटली जाते, लाँड्रीपर्यंत पोचते. काउंटरवर जाऊन ती काढायची आणि स्वतःच्या हाताने पाकीट द्यायचं, म्हणजे त्या माणसाला पुन्हा खळ्यावर बोलावायचं. देणाऱ्याला त्यात फार बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. त्या अडत दुकानदारालाही वाटत असेल.

जावयांनी यावर एक चांगला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बाबा, असं सगळेच मुकाट भरत राहिले तर कंपनी पगार कधी वाढवणार? आपण तिचं पगाराचं ओझं उचलतोय." मुद्दा खरा आहे. प्रवाशाला जाहिरातीत तिकीट स्वस्त दिसावं म्हणून हे पैसे बाहेर ठेवलेले असतात, यात मला शंका नाही. पण आम्ही पाच जणांनी ६३० डॉलर कापले तर कंपनीच्या पायाला मुंगीही चावत नाही. चावते ती सतरा खोल्यांवाल्याला, आणि त्याच्या मावसभावाला. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या खिशाला हात लावता येत नाही म्हणून मधल्या माणसाचा खिसा कापायचा, हा काही न्याय नाही.

भांडायचं तर भाड्यावरून भांडावं. हे पैसे तिकिटातच धरा, पगार म्हणून द्या, आणि टिप ही खरोखरची टिप राहू द्या, असं कंपनीला लिहावं. हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ही रोजची वसुली बंद केली आणि ती भाड्यातच धरली. त्या कंपनीच्या जुन्या बोटींवर गोव्याच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढप्याची, खोल्यांची कामं केली. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या गोवेकरांचे ‘कूड’ होते, तिथे हे लोक पुढच्या बोटीची वाट बघत राहायचे. आमच्या मालवणच्या मुलाची वाट त्यांनीच पाडून ठेवलेली. दिल्लीच्या निकालाचा अर्थही मी असाच लावतो. पदार्थाचा भाव काय ठेवायचा ते हॉटेलवाल्याने ठरवावं, नोकरांचा खर्च त्यात धरावा, पण जेवून झाल्यावर बिलाच्या शेपटाला वेगळी रक्कम लावू नये. फरक इतकाच, की इथल्या वाढप्याच्या मागे निदान कागदावर तरी देशाचा किमान वेतन कायदा उभा आहे. बोटीवरच्या माणसाच्या मागे लांबच्या बेटाचा झेंडा.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि मग निर्णयाकडे येतो. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट कोरोनामुळे अडकली होती, आठवत असेल. बोटीवर ३,७११ माणसं. त्यांत १३८ भारतीय, आणि त्यांपैकी १३२ जण कर्मचारी. प्रवाशांना खोल्यांत बंद करून ठेवलं होतं. मग त्यांना जेवण कोण देत होतं? हीच माणसं. मास्क लावून दारोदार ताटं पोचवत होती आणि रात्री लहानशा खोलीत दोघं-दोघं एकत्र झोपत होती. सात दिवस आपल्याला हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणणाऱ्या माणसाच्या कामात हेही येतं. त्याची किंमत पाकिटात घालता येत नाही, पण निदान ठरलेली रक्कम तरी कापू नये.

तर आम्ही शेवटी काय केलं? खात्यावरच्या ६३० डॉलरांना हात लावला नाही. जावई काउंटरवर गेलेच नाहीत. संध्याकाळी तिथे मोठी रांग लागलेली मी बघितली. त्यातले किती जण पैसे कमी करायला उभे होते देव जाणे. वर माझ्या स्वतःच्या पैशातून मालवणच्या मुलाला ६० डॉलर आणि टेबलावरच्या दोघांना वीस-वीस दिले. हा आकडा कुठून काढला? आमच्या दोघांचे रोजचे ३६ डॉलर, म्हणून साधारण तीन दिवसांचे शंभर. याला शास्त्र काही नाही. एखाद्याने काहीच वर दिलं नाही तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त ठरलेलं कापू नये.

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती पैशापेक्षा महत्त्वाची असू शकते. बोटीवरून उतरल्यावर कंपनीकडून ईमेलवर प्रश्नावली येते. तिच्यात कर्मचाऱ्याचं नाव लिहून चांगला शेरा दिला, तर त्याचा पुढच्या कराराला आणि बढतीला उपयोग होतो. आपण असल्या ईमेल उघडतही नाही. मी तासभर बसून, शब्दकोश जवळ घेऊन, तिघांची नावं स्पेलिंगसकट लिहिली. लाँड्रीतल्या मावसभावाचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून ‘टॉवेल अतिशय स्वच्छ होते’ असं लिहिलं. आणि शेवटच्या रकान्यात, हे पैसे तिकिटातच धरावेत आणि पगार म्हणून द्यावेत, असंही लिहिलं. उत्तर म्हणून आभाराचं छापील पत्र आलं, सोबत पुढच्या सहलीवर सवलत!

पाकीट देताना मला फार अवघडल्यासारखं झालं, हे कबूल करतो. वडिलांचे जोडलेले हात डोळ्यांपुढे होते. त्याने हात जोडू नयेत म्हणून मी पाकीट हिच्याकडे दिलं. हिने ते चिक्कीच्या पुड्याखाली ठेवून पुडाच त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "घरी गेलास की आईला नमस्कार सांग." तो वाकून दोघांच्या पाया पडला. आता याला काय करणार!

गावी परतल्यावर एक गोष्ट मात्र केली. आमच्या सोसायटीत झाडणाऱ्या बाई आणि रात्रीचा वॉचमन दिवाळीत घरोघर फिरतात. कोणी पन्नास देतं, कोणी दोनशे, कोणी दारच उघडत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी सोसायटीच्या सभेत मी विषय काढला, की त्यांनी दारोदार फिरू नये, सगळ्यांच्या मेंटेनन्समधून एक महिन्याचा पगार बोनस म्हणून त्यांना द्यावा. हिशेबही करून नेला होता, घरटी वर्षाला साडेचारशे रुपयेसुद्धा होत नव्हते. एक गृहस्थ म्हणाले, "सक्ती कशाला? ज्याने त्याने आपापल्या खुशीने द्यावं." मी त्यांना बोटीची गोष्ट सांगायला लागलो, तेवढ्यात पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

विषय पुढच्या सभेवर गेलाय. या दिवाळीला अजून अवकाश आहे. मी कागद जपून ठेवला आहे.